मायक्रोवेव्हचा डिस्प्ले अंधुक होत चालला आहे: बोर्ड बदलण्याआधी काय पाहावे

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह ओव्हनचा हिरवट-निळा डिस्प्ले गेल्या दोनेक वर्षांत मंदावत गेला असून आता दिवसा त्यावरची वेळ वाचता येत नाही, बटणे, पंखा, पदार्थ तापणे हे सारे व्यवस्थित चालू आहे, घरी येऊन गेलेल्या मेकॅनिकने संपूर्ण कंट्रोल बोर्ड बदलावा लागेल असे सांगून नव्या ओव्हनच्या जवळजवळ निम्म्या किमतीचा अंदाज दिला आहे, आणि जाता जाता आपण असेही लिहिले आहे की कराडजवळच्या आपल्या गावात संध्याकाळी हे आकडे अधिकच फिके पडतात. या सगळ्या मजकुरात मला ते शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे वाटले. संध्याकाळी स्वयंपाकघरात उजेड कमी असतो, त्यामुळे स्वतःच्या प्रकाशाने चमकणारा डिस्प्ले दिवसापेक्षा उठून दिसायला हवा. तो उलट फिका पडत असेल, तर दोषाचा किमान काही भाग ओव्हनच्या बाहेर, आपल्या घरात येणाऱ्या विजेत आहे.

मेकॅनिकने सांगितले ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. बोर्ड बदलला की डिस्प्ले, त्याला वीज देणारा भाग आणि त्याला चालवणारी चिप हे सगळे एकदम नवे येते, त्यामुळे निदान न करताही दुरुस्ती होऊन जाते. परंतु त्या निदान न करण्याची किंमत ग्राहक मोजतो. डिस्प्ले मंद होण्यामागे किमान चार वेगवेगळी कारणे असू शकतात, त्यांतील दोन कारणे दहा-वीस रुपयांच्या सुट्या भागाने किंवा तेवढ्याही खर्चाशिवाय दूर होतात, आणि कोणते कारण आहे हे बऱ्याच अंशी ओव्हन न उघडता, केवळ नीट पाहून कळते.

आधी हा डिस्प्ले काय असतो ते पाहू. हिरवट-निळ्या प्रकाशाचा असेल, तर तो बहुतेक व्हीएफडी म्हणजे व्हॅक्यूम फ्लुओरेसेंट डिस्प्ले असतो. सात पट्ट्यांनी आकडा दाखवणारे असे डिस्प्ले १९६७ च्या सुमारास जपानमध्ये तयार झाले, आणि पुढे कॅल्क्युलेटर, व्हीसीआर, गाड्यांचे डॅशबोर्ड आणि मायक्रोवेव्ह यांत ते सर्वत्र दिसू लागले. ही काचेची चपटी, हवा काढून टाकलेली नळी असते. तिच्यात समोरच्या बाजूला केसापेक्षाही बारीक अशा दोन-चार आडव्या तारा ताणलेल्या असतात. या टंगस्टनच्या तारांवर बेरियम, स्ट्राँशियम आणि कॅल्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. तार साधारण सहाशे-साडेसहाशे अंश सेल्सियसपर्यंत तापली की त्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, मधल्या जाळीतून पुढे जातात आणि आकड्यांच्या पट्ट्यांवर लावलेल्या झिंक ऑक्साइडच्या फॉस्फरवर, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की चमकणाऱ्या लेपावर, आदळतात. त्यातून तो हिरवट-निळा प्रकाश निघतो. म्हणजे या डिस्प्लेला दोन निरनिराळे पुरवठे लागतात. तारा तापवण्यासाठी अवघे दोन ते पाच व्होल्ट लागतात, आणि इलेक्ट्रॉन ओढून घेण्यासाठी वीस ते चाळीस व्होल्टचा दुसरा पुरवठा लागतो. यांपैकी कोणताही एक कमी पडला, किंवा तारेवरचा लेप झिजला, किंवा फॉस्फर थकला, तर वरवर पाहता दिसणारा परिणाम सारखाच असतो, तो म्हणजे मंद आकडे.

सारखा दिसणारा हा परिणाम जवळून पाहिल्यास मात्र वेगवेगळा असतो. त्यासाठी सर्वप्रथम समोरची पारदर्शक खिडकी ओलसर मऊ फडक्याने पुसून घ्यावी, कारण फोडणीच्या तेलकट वाफेचा थर या खिडकीवर चढतो आणि तो रोजच्या नजरेला जाणवत नाही. काही ओव्हनमध्ये हा थर पॅनेलच्या फटीतून आत शिरून खिडकीच्या मागच्या बाजूलाही बसतो. टॉर्चचा उजेड तिरपा टाकल्यास तो धुरकट पडद्यासारखा दिसतो. ओव्हनच्या माहितीपुस्तिकेत डिस्प्ले मंद ठेवण्याची, रात्रीची किंवा वीजबचतीची काही सोय दिली आहे का, तेही पाहून घ्यावे. या दोन गोष्टींनी प्रश्न सुटला तर पुढचे वाचण्याची गरज नाही, पण आपल्या वर्णनावरून तसे होईल असे मला वाटत नाही.

आता अंधार करून डिस्प्लेकडे एकटक पाहावे आणि सगळ्या पट्ट्या सारख्याच मंद आहेत की काही पट्ट्या इतरांपेक्षा उजळ आहेत, हे ठरवावे. सगळे निदान या एका प्रश्नाभोवती फिरते. फॉस्फर जितके तास पेटलेला राहतो तितका तो झिजतो, आणि घड्याळाच्या सगळ्या पट्ट्या सारखा वेळ पेटत नाहीत. बारा तासांच्या घड्याळात अगदी डावीकडचा १ हा आकडा फक्त दहा, अकरा आणि बारा वाजताच्या तासांत लागतो, म्हणजे एकूण वेळेच्या चौथ्या हिश्शाइतकाच. मिनिटांच्या एकक स्थानी शून्यापासून नऊपर्यंतचे सगळे आकडे येतात. इंग्रजी अंकांच्या सात पट्ट्यांपैकी खालची उजवी पट्टी या दहापैकी नऊ आकड्यांत पेटते, फक्त दोनच्या आकड्यात ती विझलेली असते. याउलट खालची डावी पट्टी केवळ शून्य, दोन, सहा आणि आठ या चार आकड्यांत पेटते. त्यामुळे नळी खरोखर झिजलेली असेल, तर टायमरवर शेवटी आठ येईल अशी एखादी वेळ लावून पाहिल्यास त्या आठमध्ये खालची डावी पट्टी ठळक आणि खालची उजवी पट्टी फिकट दिसते. दहा वाजल्यानंतर डावीकडचा १ शेजारच्या आकड्यांपेक्षा उजळ दिसतो. ‘डिफ्रॉस्ट’, ‘ग्रिल’, किलो-ग्रॅमची खूण अशी क्वचित लागणारी चिन्हे तर नव्यासारखी लखलखीत दिसतात. हे चित्र दिसले, तर नळीच्या फॉस्फरने आपले आयुष्य जगून घेतले आहे असे समजावे. बोर्डावरचा कोणताही भाग बदलून त्या पट्ट्या पुन्हा उजळणार नाहीत.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. वर्षाचे तास ८,७६० होतात, म्हणजे दहा वर्षांत अहोरात्र घड्याळ दाखवत राहिलेला डिस्प्ले सुमारे ८७,६०० तास पेटलेला असतो. अशा नळ्यांची चमक निम्म्यावर येण्याचा काळ साधारणपणे काही दशसहस्र तासांत मोजला जातो. आपला ओव्हन दिवसाला सरासरी एक तास वापरला जात असेल आणि उरलेला वेळ भिंतीवरचा स्विच बंद असता, तर त्याच दहा वर्षांत हा आकडा ३,६५० तासांवर राहिला असता. स्वयंपाकघरात एक भिंतीवरचे घड्याळ आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना ओव्हनने रात्रभर वेळ का दाखवत बसावे, हे मला कधीच उमगलेले नाही. शिवाय हा निष्क्रिय वापर दोन-तीन वॅटचा धरला तरी तीन वॅटच्या हिशेबाने वर्षाला सव्वीस युनिट वीज जाते.

याउलट सगळ्याच पट्ट्या, क्वचित लागणारी चिन्हेसुद्धा, एकसारख्या मंद दिसत असतील, तर दोष फॉस्फरमध्ये नसून पुरवठ्यात किंवा तारांमध्ये आहे. इथे आपल्या संध्याकाळच्या निरीक्षणाकडे परत येतो.

दहा वर्षांपूर्वीच्या पुष्कळशा ओव्हनच्या कंट्रोल बोर्डावर एक छोटा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असतो. घरात येणाऱ्या २३० व्होल्टचे तो थेट प्रमाणात लहान व्होल्टेज करतो, आणि त्याच्या एका गुंडाळीतून तारा तापवणारी वीज कोणत्याही नियंत्रणाशिवाय सरळ नळीला मिळते. संध्याकाळी गावात दिवे, टीव्ही, मोटारी एकदम चालू झाल्या आणि घरातले व्होल्टेज १८० पर्यंत उतरले, तर एरवी तीन व्होल्ट मिळणाऱ्या तारांना २.३५ व्होल्टच मिळतात. ही घट सुमारे बावीस टक्क्यांची आहे, आणि तारांचे व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत राहावे अशी अपेक्षा असते. नवी नळी ही घट पचवते, कारण तिच्या तारांवरचा लेप ताजा असतो आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन देण्याची त्याची क्षमता असते; तार थोडी थंड झाली तरी पट्ट्यांना पुरेसे इलेक्ट्रॉन मिळतात. जुन्या नळीत ही शिल्लक संपलेली असते, म्हणून व्होल्टेज उतरताच आकडे फिके पडतात. आपल्या बाबतीत बहुधा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत: नळी वयाने थोडी उतरली आहे आणि संध्याकाळची वीज ती उणीव उघडी पाडते आहे.

याची खातरजमा करण्यासाठी ओव्हन उघडण्याची गरज नाही. दुपारी आणि संध्याकाळी एकाच कपाने, एकाच भांड्यात, सारखेच पाणी पूर्ण शक्तीवर तापवून पाहावे. दुपारी दोन मिनिटांत उकळणारे पाणी संध्याकाळी स्पष्टपणे जास्त वेळ घेत असेल, तर व्होल्टेज पडते आहे, कारण साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या मायक्रोवेव्हमध्ये तापवण्याची शक्तीही येणाऱ्या व्होल्टेजबरोबर घटते. घरात वायरमन येणार असेल, तर त्याच्याकडून संध्याकाळी सात-आठच्या सुमारास सॉकेटचे व्होल्टेज मोजून घ्यावे. एकदा ओव्हन बंद असताना आणि एकदा चालू असताना. बंद असताना व्होल्टेज ठीक आणि चालू करताच पंधरा-वीस व्होल्टने खाली, असे दिसले तर गावच्या ट्रान्सफॉर्मरला दोष देण्याआधी घरातील वायरिंग, सैल सॉकेट किंवा जळका पिन तपासावा. ओव्हनचा प्लग काढून हाताला गरम लागतो का, हेही पाहावे. गरम लागत असेल तर डिस्प्लेपेक्षा सॉकेटची काळजी आधी करावी.

व्होल्टेज पडते असे निघाले, तर वीज वितरण कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तोवर स्टॅबिलायझर लावावा. मात्र तो टीव्हीचा किंवा फ्रिजचा नको. मायक्रोवेव्ह पद्धतीने चालताना ओव्हन बाराशे-चौदाशे वॅट घेतो आणि कन्व्हेक्शनवर दोन हजारांच्याही पुढे जाऊ शकतो. ओव्हनच्या मागच्या पाटीवर लिहिलेला सर्वांत मोठा आकडा पाहून, त्याच्या वर पुरेशी सवड ठेवून स्टॅबिलायझर घ्यावा. लहान स्टॅबिलायझर तापतो, त्याचा रिले कडकड वाजत राहतो आणि शेवटी तोच एक नवा दोष होऊन बसतो. ज्या ओव्हनच्या बोर्डावर लहान एसएमपीएस पुरवठा, म्हणजे येणारे व्होल्टेज बदलले तरी पुढचे स्थिर राखणारे सर्किट, असतो, त्यांना व्होल्टेजच्या या चढउताराचा डिस्प्लेपुरता फारसा फरक पडत नाही. तेव्हा संध्याकाळचा फिकेपणा हा आपल्या बोर्डावर जुना ट्रान्सफॉर्मर आहे याचीही एक खूण आहे.

तिसरे कारण म्हणजे बोर्डावरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, आणि या बाबतीत मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त वेळा नजरेआड होणारी दुरुस्ती हीच आहे. पट्ट्यांना आणि जाळीला जाणारा वीस-तीस व्होल्टचा पुरवठा या कपॅसिटरमधून गाळून सपाट केला जातो. त्यांच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे, आणि मायक्रोवेव्हचा बोर्ड तर कन्व्हेक्शनच्या गरम पोकळीला लागूनच बसवलेला असतो. कपॅसिटर सुकला की पुरवठा डळमळीत होतो. त्याची लक्षणे झिजलेल्या नळीपेक्षा वेगळी असतात. थंडीच्या दिवसांत सकाळी चालू करताना डिस्प्ले मंद असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सुधारतो. ‘स्टार्ट’ दाबल्यावर रिले खटकन लागतो त्याच क्षणी आकडे क्षणभर दबतात. आकडे बारीक थरथरतात, बझरचा आवाज घोगरा होतो, कधी घड्याळ आपोआप शून्यावर जाते, कधी बटण दोनदा दाबावे लागते. यांतली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसत असतील, तर कोणी कितीही ठामपणे बोर्ड बदला म्हटले तरी आधी कपॅसिटर बदलून घ्यावेत.

हे काम करणाऱ्या तंत्रज्ञाने काय करावे हेही सांगतो, म्हणजे आपल्याला त्याच्याशी बोलता येईल. पुरवठ्याच्या भागातील सगळे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर एकदमच बदलावेत. एक बदलून बाकीचे ठेवण्यात काटकसर नाही, कारण सगळे एकाच वयाचे असतात. मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा, व्होल्टचा आकडा तोच किंवा थोडा वरचा असावा, आणि तापमानाचा आकडा ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचा असावा. फुगलेले डोके किंवा तळाशी ओघळ दिसला तर शंकाच उरत नाही, पण पुष्कळदा सुकलेला कपॅसिटर बाहेरून नव्यासारखाच दिसतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवता ईएसआर मीटरने, म्हणजे कपॅसिटरचा आतला अवरोध दाखवणाऱ्या मीटरने, मोजावे. काही बोर्डांवर कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला पिवळसर गोंद वर्षानुवर्षे तापून तपकिरी झालेला असतो. असा गोंद वीज वाहू लागतो आणि शेजारच्या सुट्या भागांच्या पायांना गंज चढवतो, तो खरवडून काढावा. ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती सोल्डरला गोल भेग गेली आहे का, हे भिंगातून पाहावे; मेकॅनिक ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तो हाच दोष, आणि नुसते पुन्हा सोल्डर ओतून तो जातो. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात आणखी एक शक्यता नेहमी धरावी लागते, ती झुरळांची. उबेच्या आशेने ती बोर्डावर येतात आणि त्यांच्या विष्ठेतून बारीक गळती सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून मग बाकीचे निदान करावे. सुटे भाग मिळण्याची अडचण येऊ नये. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड येथे हे कपॅसिटर सहज मिळतात, आणि तालुक्याच्या ठिकाणी टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडेही ते बहुधा असतातच.

त्यानंतर मोजमाप. नळीच्या काचेच्या दोन्ही टोकांना असलेल्या पिनांवर तारांचे व्होल्टेज एसीवर मोजावे, आणि तारा व ड्रायव्हर चिपचा पुरवठा यांमधील डीसी व्होल्टेज पाहावे. दोन्ही योग्य असतील आणि तरीही सगळ्या पट्ट्या एकसारख्या मंद असतील, तर तारांवरचा लेप संपला आहे. हे चौथे कारण. नळीच्या आत काचेवर आरशासारखा चकाकणारा जो डाग असतो तो दुधी-पांढरा झाला असेल, तर नळीत हवा शिरली आहे आणि ती कायमची गेली आहे, पण अशा वेळी डिस्प्ले मंद होत नाही, पूर्ण विझतो.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. वरचे सगळे निरीक्षण आपण घरी करावे, पण ओव्हनचे बाहेरचे आवरण आपण काढू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. त्याच्या आत वीज निथळून जाण्यासाठी एक रोधक बसवलेला असतो खरा, पण तो तुटला आहे की शाबूत आहे हे बाहेरून कळत नाही. जाणकार मेकॅनिक आधी त्या कपॅसिटरचा निचरा करतो, आणि बोर्डावर चालू विजेत मोजमाप करायचे असेल तर उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरकडे जाणारी वायर आधी काढून ठेवतो. जो हे न करता चालू ओव्हनमध्ये मीटरची टोके घालतो, त्याला नम्रपणे चहा देऊन परत पाठवावे.

मंद नळी ताजी करण्याचा एक उपाय काही जण सांगतात: तारांना थोडा वेळ ठरल्यापेक्षा जास्त व्होल्टेज द्यायचे, किंवा तारांच्या मार्गातील रोधक कमी करून कायमचेच ते वाढवायचे. लेप थकलेला असेल तर याने काही दिवस फरक दिसतो हे खरे, पण जास्त तापलेल्या तारेवरचा उरलेला लेप भराभर उडून जातो आणि नळी पूर्वीपेक्षा लवकर संपते. फॉस्फर झिजलेला असेल तर याचा उपयोगच होत नाही. अंधारात पाहिल्यास तारा जेमतेम तांबूस दिसाव्यात किंवा दिसूच नयेत. त्या स्पष्ट नारिंगी दिसत असतील, तर कोणीतरी हा प्रयोग आधीच करून गेला आहे असे समजावे. जुन्या रेडिओच्या हौशी मंडळींनी हा प्रयोग जरूर करावा, रोजच्या वापराच्या ओव्हनवर मी तो करू देणार नाही.

नळीच बदलायची झाली, तर अडचण अशी की प्रत्येक कंपनीने आपल्या मॉडेलसाठी वेगळी नळी घडवून घेतलेली असते. तिच्यावरची चिन्हे, पिनांची मांडणी आणि लांबी दुसऱ्या मॉडेलला जुळत नाही. काचेच्या मागे छापलेला क्रमांक तंतोतंत जुळणारी नळी शोधावी लागते, आणि ती बहुधा भंगारात गेलेल्या त्याच मॉडेलच्या ओव्हनमधूनच मिळते. ती काढताना काचेच्या कडेला असलेले हवा काढण्याचे लहानसे टोक मोडले की सगळे संपले. मेकॅनिकने दुसरा वापरलेला बोर्ड आणला, तर पैसे देण्याआधी तो जोडून वर सांगितलेली आठच्या आकड्याची परीक्षा त्याच्यावरही करावी. जुन्या घड्याळाने झिजवलेली नळी आपल्या गळ्यात पडू नये. वर्षानुवर्षे गोदामात पडून असलेल्या नव्या बोर्डाच्या बाबतीत उलटी काळजी घ्यावी लागते: त्याची नळी कोरी असते, पण कपॅसिटर वयाने जुनेच असतात.

हे सगळे व्हीएफडीबद्दल झाले. आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या इतर उपकरणांना यातले सरसकट लागू करू नये. इंडक्शन शेगडी, एअर फ्रायर, बहुतेक स्वस्त ओटीजी यांवर लाल, निळे किंवा पांढरे एलईडी आकडे असतात. त्यांत एकच पट्टी गेली तर ती एलईडी किंवा तिचे सोल्डर, एक पूर्ण आकडा मंद झाला तर त्या आकड्याला वीज देणारा ट्रान्झिस्टर किंवा चिप, आणि सगळेच मंद झाले तर पाच व्होल्टचा पुरवठा, असा ढोबळ हिशेब धरावा. इंडक्शन शेगडीच्या बाबतीत एक धोका फार जणांना माहीत नसतो: पुष्कळ शेगड्यांचा हा छोटा पुरवठा मुख्य विजेपासून वेगळा केलेला नसतो, त्यामुळे पाच व्होल्टचा समजून ज्या डिस्प्लेला हात लावावा त्यावर प्रत्यक्षात घरातल्या विजेचा झटका बसू शकतो. वजनकाट्याचा करड्या रंगाचा एलसीडी मंद झाला, तर आधी बॅटरी बदलावी आणि तिच्या पत्र्याची टोके घासून घ्यावीत. आकड्यांच्या काही रेषाच गायब असतील, तर काच आणि बोर्ड यांमधली रबरी पट्टी स्वच्छ करून पुन्हा नीट दाबून बसवावी.

आता आपल्या ओव्हनपुरते. पहिल्याच संध्याकाळी आठच्या आकड्याची आणि क्वचित लागणाऱ्या चिन्हांची परीक्षा करावी. चिन्हे उजळ आणि घड्याळाचे आकडे फिके असे दिसले, तर बोर्डावर खर्च करू नये. ओव्हन तापवण्याचे काम नीट करतो आहे आणि टायमर दाबताना हाताचा आडोसा केला तर आकडे वाचता येतात, एवढ्यावर तो आणखी काही वर्षे सुखाने चालेल. सगळेच सारखे मंद असेल, तर पाण्याची परीक्षा आणि व्होल्टेजचे मोजमाप करून, व्होल्टेज पडत असल्यास आधी तो प्रश्न सोडवावा, आणि त्यानंतरही दुपारी, पूर्ण व्होल्टेजवर, डिस्प्ले मंदच राहिला तर कपॅसिटर बदलून घ्यावेत. मेकॅनिकला फोन करताना ‘डिस्प्ले खराब आहे’ असे न सांगता ‘सगळ्या पट्ट्या एकसारख्या मंद आहेत, बोर्डाचे पुरवठ्याचे कपॅसिटर बदलून तारांचे व्होल्टेज मोजून सांगा’ असे सांगावे. हे काम करायला जो तयार नसेल, त्याने दिलेला बोर्डाचा अंदाज बाजूला ठेवून दुसऱ्याला विचारावे. कपॅसिटर बदलूनही फरक पडला नाही, तरच नळीचा किंवा बोर्डाचा विचार करावा, आणि तेव्हाही बोर्डाची किंमत नव्या ओव्हनच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल तर दहा वर्षांच्या ओव्हनवर ती घालू नये असे माझे मत आहे, कारण पुढचा दोष मॅग्नेट्रॉनमध्ये, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या भागात, निघाला तर बोर्डावर घातलेला पैसाही त्याच्याबरोबर वाया जाईल.

कोणताही निकाल लागो, यापुढे काम नसताना ओव्हन भिंतीच्या स्विचने बंद ठेवावा. फक्त कन्व्हेक्शन किंवा ग्रिल वापरल्यानंतर आतला पंखा स्वतःहून थांबेपर्यंत स्विच बंद करू नये. तो पंखा बोर्डाजवळची उष्णता बाहेर काढत असतो, आणि तो मध्येच थांबवला तर तीच उष्णता नव्याने बसवलेल्या कपॅसिटरना भोवते.